पहिला मेटल डिटेक्टर घेताना: ओल्या वाळूत काय चालतं ते आधी बघा

प्रश्न थोडक्यात असा: "गेल्या वर्षी आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहायला आलो. सुट्टीच्या दिवशी बेलमार नाहीतर पॉइंट प्लेझंटच्या किनाऱ्यावर जातो. तिथे सकाळी मेटल डिटेक्टर घेऊन फिरणारी मंडळी दिसतात, आता मलाही घ्यावासा वाटतोय. बजेट ३०० डॉलर, त्यात सगळं बसायला हवं. वॉटरप्रूफ हवा म्हणून नोक्ताचा सिम्प्लेक्स बघितला, पण दोघा-तिघांनी मिनलॅबचा व्हँक्विश घ्या म्हणून सांगितलं. कोणता घेऊ? आणि डिसेंबरात गुहागरला जाताना बरोबर नेला तर चालेल का?"

३०० डॉलरात किनाऱ्यावर नीट चालणारं मशीन मिळतं, त्याची काळजी नको. पण वॉटरप्रूफपासून सुरुवात केलीत तिथेच गाडी चुकीच्या रुळावर गेली. कोणतं मशीन घ्यायचं ते तुम्ही किनाऱ्याच्या कोणत्या भागात उभे राहणार यावर ठरतं. टॉवेल पसरतात ती कोरडी वाळू, भरतीचं पाणी येऊन गेलेली ओली वाळू, आणि प्रत्यक्ष पाणी. मशीनच्या दृष्टीने हे तीन वेगळे प्रदेश आहेत. कोरड्या वाळूत बहुतेक कोणताही बरा डिटेक्टर चालतो. खरी परीक्षा ओल्या वाळूत होते, आणि अटलांटिकच्या या किनाऱ्यावर चांगला माल बऱ्याचदा तिथेच असतो.

अडचण मिठाची आहे. डिटेक्टरची कॉइल, म्हणजे दांड्याच्या टोकाची गोल तबकडी, जमिनीत बदलतं चुंबकीय क्षेत्र सोडते. धातू असला तर त्यात भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह फिरतात, त्यांचं स्वतःचं छोटं क्षेत्र तयार होतं, आणि ते किती उशिराने परत येतं यावरून मशीन आकडा आणि आवाज ठरवतं. आता खारं पाणीही वीज वाहून नेतं. त्यामुळे ओली वाळू स्वतःच एखाद्या मोठ्या, पातळ धातूसारखी बोलायला लागते. तिचा आवाज नेमका चांदीच्या वर्खाएवढ्या पातळ फॉइलच्या आणि बारीक सोन्याच्या भागात येतो. सोन्याची नाजूक अंगठी आणि ओली वाळू मशीनला जवळजवळ एकाच सुरात ऐकू येतात.

त्यात काळी वाळू आली की दुसरी भानगड. तिच्यातलं मॅग्नेटाइट हे लोहखनिज चुंबकीय असतं आणि त्याचा सिग्नल मिठाच्या सिग्नलपेक्षा वेगळ्या ठिकाणी पडतो. एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणाऱ्या मशीनला ग्राउंड बॅलन्स करून, म्हणजे जमिनीचा स्वतःचा सिग्नल शून्यावर आणून, यातला एक आवाज घालवता येतो, दोन्ही एकदम नाही. जुन्या रेडिओसारखं होतं: बटण फिरवून एक खरखर बंद करावी तर दुसरी सुरू. एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी सोडणाऱ्या मशीनला इथे फायदा मिळतो. मिठाचा प्रतिसाद फ्रिक्वेन्सी वाढली की वाढतो, मॅग्नेटाइटचा जवळपास तसाच राहतो. वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सींची उत्तरं एकमेकांशी ताडून मशीन दोन्ही आवाज बरेचसे बाजूला काढू शकतं. फुकट काहीच नसतं म्हणा: मीठ दाबताना त्याच पट्ट्यातलं अगदी बारीक सोनंही थोडं दबतं. पातळ साखळी तर कोणत्याही मशीनला जड जाते, कारण मशीनला एक मोठी वस्तू न दिसता सुट्या सुट्या बारीक कड्या दिसतात.

म्हणून समुद्रकिनाऱ्यासाठी पहिलं मशीन घेताना पैसे मल्टी-फ्रिक्वेन्सीला द्या. खोली, रंगीत स्क्रीन, ब्लूटूथ, वॉटरप्रूफ हे सगळं त्याच्यानंतर.

आता तुमच्या दोन नावांकडे येऊ. नोक्ता ही तुर्कस्तानची कंपनी. त्यांचा मूळचा सिम्प्लेक्स प्लस १२ किलोहर्ट्झवर आणि नंतरचा सिम्प्लेक्स अल्ट्रा १५ वर चालतो. दोन्ही पूर्ण बुडवता येतात, बांधणी भक्कम आहे, आणि बागेत, जुन्या मैदानावर, लेक होपॅटकाँगसारख्या गोड्या पाण्यात मी ते डोळे झाकून सुचवतो. पण फ्रिक्वेन्सी एकच. बीच मोड आहे, ग्राउंड बॅलन्स हाताने करता येतो, सेन्सिटिव्हिटी (बारीक सिग्नल पकडायची ताकद) उतरवून ओल्या वाळूत कामही निघतं, पण जितकी उतरवाल तितकी खोली जाते. पाण्यात न बिघडणारं मशीन खाऱ्या पाण्यात शांतही राहील असं मुळीच नाही. वॉटरप्रूफ शब्द वाचून घेतलेले किती तरी सिम्प्लेक्स ऑगस्टमध्ये बेलमारच्या ओल्या वाळूत किंचाळताना ऐकू येतात आणि त्यांचे मालक मशीन खराब निघालं असं समजतात.

मिनलॅब ऑस्ट्रेलियाची. त्यांच्या व्हँक्विश मालिकेत ३४०, ४४० आणि ५४० अशी तीन मशीनं आली, आणि तिन्हींत मल्टी-फ्रिक्वेन्सी आहे. सर्वांत स्वस्त ३४० मध्येसुद्धा ती आहे, आणि मला वाटतं या किमतीत हीच त्याची खरी कमाई. ग्राउंड बॅलन्सचं बटणच नाही, मशीन आपलं आपण बघतं. नवशिक्याला ते बरंच आहे. तोटा असा की फक्त कॉइल वॉटरप्रूफ आहे, तीही एक मीटरपर्यंत. वरचा कंट्रोल बॉक्स नाही. म्हणजे पोटरीभर पाण्यात कॉइल बुडवून चालता येईल, पण मागून आलेली लाट बॉक्सवर गेली की संपलं. ओल्या वाळूत फिरणाऱ्याला हा तोटा झेपतो, कंबरभर पाण्यात उतरायची हौस असेल तर झेपत नाही.

३४० की ४४०? कॉइल दोघांची सारखीच. पण ३४० ला सेन्सिटिव्हिटीच्या पायऱ्या चारच, आणि वस्तूची नेमकी जागा दाखवणारं पिनपॉइंटचं बटण नाही. ४४० ला दहा पायऱ्या, पिनपॉइंट, आणि स्वतःला हवा तसा मोड जुळवायची सोय. फरक खरा आहे. पण नवा ४४० घेतला तर तुमचे ३०० बहुतेक त्यातच जातात आणि खणायला घरातलं बागकामाचं खुरपं उरतं. ओल्या वाळूत खुरप्याने खणून बघा: खड्ड्यात पाणी भरतं, कडा ढासळते, नाणं आणखी खाली जातं, आणि पाच मिनिटांत पुढची लाट येते. त्यामुळे एका पैचीही ताणातान नको असेल तर माझं मत ३४० आणि उरलेल्या पैशात स्टीलचा चांगला स्कूप, म्हणजे वाळू खणून चाळणारं भोकांचं फावडं. सत्तर-ऐंशी डॉलर जास्त घालता येत असतील तर मग ४४० घ्या, पण स्कूप सोडू नका.

पाण्यात उतरायचंच असेल तर थोडं थांबा आणि वापरलेला मिनलॅब इक्विनॉक्स ६०० शोधा. तो २०१८ साली आला, मल्टी-फ्रिक्वेन्सी आहे, तीन मीटरपर्यंत बुडवता येतो, आणि नवीन मॉडेल आल्यावर लोक विकायला काढतात. नोक्ताचा स्कोअरही पाहा, तोही मल्टी आणि पूर्ण वॉटरप्रूफ आहे. पण जुनं वॉटरप्रूफ मशीन घेताना विक्रेत्याला किनाऱ्यावरच भेटा. बॅटरीचं झाकण आणि हेडफोनचं तोंड उघडून आत हिरवट-पांढरा क्षार दिसतो का ते बघा, कॉइल पंधरा मिनिटं खाऱ्या पाण्यात ठेवून चालवा, कॉइलच्या कानांना तडे आहेत का ते बोटाने चाचपा. मिनलॅबच्या नकला बाजारात खूप आहेत. सिरीयल नंबर कंपनीकडे पडताळून मगच पैसे द्या, आणि 'नवाकोरा, निम्म्या किमतीत' असं कुणी म्हणालं तर नमस्कार करून घरी या.

जाहिरातीतला एक शब्दखेळ ओळखायला शिका. 'तीन फ्रिक्वेन्सी' किंवा 'चार फ्रिक्वेन्सी' असं लिहिलेलं प्रत्येक मशीन मल्टी नसतं. काहींत तुम्ही त्यातली एक निवडता आणि मशीन त्या एकीवरच चालतं. मिनलॅबचाच एक्स-टेरा प्रो तसा आहे: ५, ८, १०, १५ किलोहर्ट्झ, पण एका वेळी एकच. मशीन उत्तम आहे, फक्त खाऱ्या ओल्या वाळूचं औषध नाही. 'एकाच वेळी' हा शब्द वर्णनात आहे का ते बघा, नसेल तर विचारा.

गॅरेटच्या एस मालिकेतली जुनी पिवळी मशीनं स्वस्तात मिळतात. २५० आणि ३०० ही एकच फ्रिक्वेन्सीवाली, कोरड्या वाळूत मस्त, भरतीच्या रेषेखाली गेलं की गोंधळ. मुलासाठी दुसरं मशीन म्हणून ठीक. पल्स इंडक्शन नावाचा वेगळाच प्रकारही कानावर येईल, उदाहरणार्थ गॅरेटचा सी हंटर. त्याला मीठ आणि काळी वाळू फारशी बाधत नाही, खोलही जातो, पण कशाचा सिग्नल आहे हे नीट सांगत नाही. केसांच्या पिना, गंजलेले खिळे, बोर्डवॉकच्या लाकडाचे स्क्रू, सगळं खणत बसायचं. पहिलं मशीन म्हणून नको. आणि शंभर मीटरवरून सोनं दाखवतो म्हणून अँटेनावाली कांडी विकणारा भेटला तर लक्षात ठेवा, गोल्फचे चेंडू शोधायचं म्हणून विकलं जाणारं असलंच एक खेळणं बॉम्ब डिटेक्टर म्हणून सरकारांना विकल्याबद्दल ब्रिटनमध्ये जेम्स मॅककॉर्मिक याला २०१३ साली दहा वर्षांची कैद झाली. गुप्तधनवाले बाबा आणि हे कांडीवाले यांच्यात मला तरी फरक दिसत नाही.

स्कूपबद्दल जरा सविस्तर, कारण नवीन माणूस इथेच काटकसर करतो. कोरड्या वाळूसाठी हातातला प्लॅस्टिकचा जाळीदार स्कूप पुरतो, दहा-पंधरा डॉलरात येतो. ओल्या वाळूसाठी स्टेनलेस स्टीलचा हवा, आणि शक्यतो लांब दांड्याचा, म्हणजे पायाने दाबता येतो आणि संध्याकाळी कंबर शाबूत राहते. भोकं अर्धा इंचाच्या आसपास. मोठी असली तर कानातली कुडी निसटते, लहान असली तर ओली वाळू पडतच नाही. आख्खा लांब दांड्याचा बजेटमध्ये बसत नसेल तर आखूड स्टीलचा घ्या आणि दांडा पुढच्या उन्हाळ्यात. पिनपॉइंटर म्हणून हातात धरायची छोटी कांडी मिळते, ती बागेत उपयोगी. किनाऱ्यावर स्कूपमधला ढीग बाजूला ओतून त्यावरून कॉइल फिरवली की काम भागतं, तो खर्च पुढे ढकला. हेडफोन मात्र हवेत. लाटांच्या आवाजात बारीक सिग्नल उघड्या कानाला ऐकू येत नाही, घरातले जुने वायरवाले चालतील.

मशीन घरी आलं की जेवणाच्या लाकडी टेबलावर आधी ओळख करून घ्या, खाली लोखंड नसेल अशा ठिकाणी. पाच सेंटचं निकेल फिरवा. ते ७५ टक्के तांबं आणि २५ टक्के निकेल असतं, आणि त्याचा आकडा सोन्याच्या मध्यम अंगठ्यांच्या भागात पडतो. इक्विनॉक्सवर तो १२-१३, तुमच्या मशीनवर येईल तो पाठ करा. इथल्या अंगठ्या बहुधा १० नाहीतर १४ कॅरेटच्या असतात. मिसळलेल्या धातूमुळे त्यांची वाहकता बरीच उतरते. आपली २२ कॅरेटची अंगठी त्याच मापाची असली तरी आकडा वर दाखवते, म्हणून फक्त घरच्या दागिन्यावरून अंदाज बांधू नका. त्यानंतर डब्याच्या झाकणाची कडी, फॉइलचा तुकडा, बाटलीचं बूच फिरवा. कडी आणि अंगठी एकमेकांच्या किती जवळ येतात ते दिसेल, आणि किनाऱ्यावर डिस्क्रिमिनेशन लावून 'कचरा' गाळू नका असं मी का म्हणतो तेही कळेल. कडी गाळली की अंगठीही गेली. लोखंड तेवढं गाळा, बाकी सगळं खणा. वाळूत खणणं सोपं आहे, आळस कशाला.

पेनीचं एक सांगतो. १९८२ पासूनची पेनी बहुतांश जस्ताची, वर तांब्याचा पातळ थर. खाऱ्या वाळूत जस्त खाल्लं जातं, नाणं अर्धचंद्रासारखं निघतं आणि आकडा वेडावाकडा उड्या मारतो. उलट १९६४ पर्यंतचे डाइम आणि क्वार्टर ९० टक्के चांदीचे. ते निघाले तर काळे पडलेले असतात, घासू नका.

ओल्या वाळूत चालताना पाण्याच्या रेषेला समांतर चाला, म्हणजे खालचा ओलावा सारखा राहतो. कॉइल जमिनीला जवळ आणि सपाट ठेवा. झोक्याच्या शेवटी ती वर उचलली जाते आणि मीठ लगेच ओरडतं. सिग्नल आला की नव्वद अंशात वळून पुन्हा फिरवा, दोन्हीकडून सारखाच आला तर खणा. मिठाचा खोटा आवाज असा टिकत नाही. तरीही बडबड थांबत नसेल तर सेन्सिटिव्हिटी एक-दोन पायऱ्या खाली आणा. शांत मशीन कमी खोल गेलं तरी जास्त सापडवून देतं. चांगल्या परिस्थितीत क्वार्टर साधारण वीतभर खोल मिळेल. बॉक्सवर छापलेल्या मोठ्या आकड्यांवर जाऊ नका.

जागा म्हणाल तर ओहोटीच्या आधी दोन तास पोचा. पाण्याने वस्तू वजनाप्रमाणे निवडून ठेवलेल्या असतात. मासेमारीची शिशाची वजनं आणि नाणी एकत्र मिळायला लागली तर तिथून हलू नका, जड माल त्याच पट्ट्यात असतो. नुसते ॲल्युमिनियमचे तुकडे येत असतील तर वर नवी वाळू साचली आहे, पुढे चला. ईशान्येकडचं वादळ येऊन गेलं की किनारा कापला जातो आणि वाळूची उभी भिंत दिसते. तिच्या पायथ्याशी जुना थर उघडा पडतो, त्या दिवशी ऑफिसला सुट्टी टाकली तरी चालेल. उलट सरकारने समुद्रातून नवी वाळू उपसून किनारा भरला असेल तर जुना माल काही फूट खाली गेला म्हणून समजा. भरलेल्या वाळूत भलतंच काही येण्याचीही उदाहरणं आहेत: लाँग बीच आयलंडवरच्या सर्फ सिटीत २००७ साली अशा वाळूबरोबर पहिल्या महायुद्धाच्या काळातले दारूगोळ्याचे फ्यूज किनाऱ्यावर आले, सैन्याच्या इंजिनिअर दलाला वाळू चाळून ते काढावे लागले आणि तिथे डिटेक्टरला बंदी झाली. ओळख न पटणारी जड, दंडगोल वस्तू निघाली तर हात लावू नका, पोलिसांना फोन करा.

नियम गावागणिक बदलतात, तेव्हा प्रत्येक गावच्या कार्यालयात विचारा. बऱ्याच ठिकाणी उन्हाळ्यात बीच बॅज (किनाऱ्यावर जायचा पास) लागतो आणि लाइफगार्ड असताना फिरू देत नाहीत. सँडी हूक राष्ट्रीय उद्यान खात्याकडे आहे. त्या खात्याच्या जमिनीवर डिटेक्टर वापरणं हा गुन्हा आहे, गाडीतसुद्धा काढू नका. वाळूच्या टेकड्यांवर आणि पायपिंग प्लोव्हर पक्ष्यांसाठी दोरी बांधलेल्या भागात पाऊल नको. खड्डा बुजवा, कचरा कमरेच्या पिशवीत घ्या. नाव कोरलेली अंगठी मिळाली तर तिथल्या पोलिसांकडे द्या.

घरी आल्यावर कॉइल आणि खालचा दांडा गोड्या पाण्याने धुवा. व्हँक्विशचा बॉक्स नळाखाली धरू नका, ओल्या फडक्याने पुसा. कॉइलचं आवरण काढून आतली वाळूही झटका, तिथे अडकलेली काळी वाळू खोटे सिग्नल देत राहते.

आता गुहागर. मशीन एडिसनलाच ठेवा असं मी म्हणेन. १८७८ चा गुप्तधनाचा कायदा अजून लागू आहे: जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि ती तुम्हाला देशाबाहेर नेता येत नाही. शिवाय १९९३ च्या बॉम्बस्फोटांचं आरडीएक्स श्रीवर्धनजवळ शेखाडीला उतरवलं होतं, तेव्हापासून कोकणच्या किनाऱ्यावर पोलिसांचं आणि गावकऱ्यांचं बारीक लक्ष असतं. पहाटे कानाला हेडफोन लावून यंत्र फिरवणारा अनोळखी माणूस पुळणीवर दिसला तर चौकशी होणार, आणि व्हायलाच हवी.

यंत्राच्या बाजूनेही कोकणच्या किनाऱ्यावर बऱ्याच ठिकाणी अवघडच. मालगुंडपासून पूर्णगडापर्यंतच्या वाळूत इल्मेनाइट हे काळं, जड खनिज भरपूर आहे, रत्नागिरीच्या मांडवीची काळी पुळण तुम्ही पाहिलीच असेल. तिथे मीठ आणि काळी वाळू दोन्ही एकदम, म्हणजे ३०० डॉलरच्या मशीनला फार झेपणारं काम नाही. त्यात आपली एक आणि दोन रुपयांची गेल्या काही दशकांतली नाणी चुंबकाला चिकटणाऱ्या स्टेनलेस स्टीलची आहेत. लोखंड गाळायला लावलेला डिटेक्टर त्यांच्यावरून बऱ्याचदा मुकाट निघून जातो. नाशिकला गोदावरीत पोरं दोरीला लोहचुंबक बांधून नाणी काढतात, त्या नाण्यांसाठी तेच योग्य साधन आहे.